प्रत्येक सीपीयूला वेगळा गणक, तरी बेरीज कमी का भरते?

गुंतावळा

मंडळी, एका डेटा कॅप्चर कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडे सांभाळायला आला आहे. मूळ लिहिणारे केव्हाच दुसऱ्या कामाला लागले. ड्रायव्हर मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या अधिकृत कोडमध्ये) नाही, बाहेरच वाढलेला आहे. त्यात प्रत्येक सीपीयूमागे एक छोटी स्ट्रक्ट आहे: किती विनंत्या पाठवल्या, किती बाइट्स गेले, किती विनंत्या अजून प्रलंबित आहेत. कोणी आकडे मागितले की सगळ्या सीपीयूंची बेरीज करून देतो.

कार्ड स्वतःही विनंत्या मोजतं. जुन्या सर्व्हरवर दोन्ही आकडे तंतोतंत जुळायचे. आता ८ कोरच्या एआरएम६४ बोर्डावर, फुल प्रीएम्प्शनच्या (चालू असलेला कर्नलचा कोडही मध्येच थांबवून दुसरा थ्रेड चालवणाऱ्या) कर्नलवर, ड्रायव्हरचा आकडा कार्डापेक्षा कमी भरतो. भार वाढला की तूटही वाढते. शिवाय सगळं शांत झाल्यावरही 'प्रलंबित' शून्यावर येत नाही. एकदा तर तिथे ४२९४९६७२९६ दिसलं.

राइटच्या वाटेवरचा कोड असा:

    सी = रॉ_एसएमपी_प्रोसेसर_आयडी();
    स = पर_सीपीयू_पीटीआर(कार्ड->स्टॅट्स, सी);
    स->विनंत्या++;
    स->बाइट्स += लांबी;
    स->प्रलंबित++;

काम पुरं झाल्याचा इंटरप्ट आला की हँडलर याच पद्धतीने 'प्रलंबित' एकने कमी करतो. प्रत्येक सीपीयू आपल्याच जागेत लिहितो, दुसऱ्याच्या जागेला हात लावत नाही. मग रेस (एकाच जागेवर दोघांचं लिहिणं एकमेकांत अडकणं) येते कुठून?

अर्धविराम

'आपल्याच जागेत लिहितो' इथेच पाणी मुरतंय. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये काय काय होऊ शकतं ते बघा.

थ्रेड अ सीपीयू २ वर आहे. सी मध्ये २ आलं. तेवढ्यात अ प्रीएम्प्ट झाला आणि शेड्युलरने त्याला सीपीयू ५ वर सुरू केलं. आता तो पाचवर धावतोय, पण त्याच्या हातातला पॉइंटर अजून दोनच्याच स्ट्रक्टचा आहे. त्याच क्षणी सीपीयू २ वर थ्रेड ब हीच ओळ चालवतोय. दोघांनी ४१० वाचलं, दोघांनी ४११ लिहिलं. एक विनंती हवेत गेली.

दुसरा प्रकार याहून वाईट, आणि त्याला स्थलांतराचीही गरज नाही. अ ने ४१० रजिस्टरमध्ये उचललं आणि तिथेच थांबला. त्याच सीपीयूवर ब आला, त्याने वीस विनंत्या पाठवल्या, जागेत ४३० झालं. अ परत आला आणि निवांतपणे ४११ लिहून मोकळा झाला. वीसच्या वीस साफ. तुमची तूट भाराबरोबर वाढते ती बहुधा यामुळे.

तिसरा प्रकार: रजिस्टरमध्ये मूल्य असताना इंटरप्ट. तुमचा हँडलर तीच 'प्रलंबित' जागा बदलतो, म्हणजे तोही यात सामील.

पर-सीपीयू व्हेरिएबल तुम्हाला इतर सीपीयूंपासून वाचवतं, तेही 'मी कुठल्या सीपीयूवर आहे' या प्रश्नाचं उत्तर वापरून होईपर्यंत खरं राहिलं तरच. स्वतःच्याच सीपीयूवर येणाऱ्या दुसऱ्या थ्रेडपासून किंवा इंटरप्टपासून ते वाचवत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

आणि तो 'रॉ_' कोणी लावला, ते गिटच्या इतिहासात बघाल का?

गुंतावळा

बघितलं. आधी साधं एसएमपी_प्रोसेसर_आयडी होतं. कमिटचा संदेश एका ओळीचा: 'डीमेसेगमधली वॉर्निंग काढली.' (डीमेसेग म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद.)

अर्धविराम

वाटलंच. डीबग_प्रीएम्प्ट (कर्नल बांधताना निवडायचा तपासणीचा पर्याय) चालू असेल तर एसएमपी_प्रोसेसर_आयडी दरवेळी तपासतं की इथे प्रीएम्प्शन बंद आहे का, इंटरप्ट बंद आहेत का, थ्रेड कायमचा एकाच सीपीयूला बांधलेला आहे का, स्थलांतर बंद आहे का. यातलं काहीच नसेल तर 'प्रीएम्प्ट होऊ शकणाऱ्या कोडमध्ये वापर' अशी ओरड करतं. 'रॉ_' वालं रूप ही तपासणी गाळतं. ते मुद्दाम ठेवलं आहे, कारण काही ठिकाणी सीपीयूचा क्रमांक नुसता अंदाज म्हणून चालतो: कुठल्या रांगेपासून शोध सुरू करायचा वगैरे. पण इथे कर्नल नेमका हाच बग दाखवत होता आणि कोणीतरी त्याचं तोंड बंद केलं.

जुन्या सर्व्हरवर आकडे का जुळायचे याचाही बहुधा उलगडा होतो. तिथला कर्नल प्रीएम्प्ट_नन किंवा व्हॉलंटरी असणार. त्यात कर्नलमधला कोड स्वतःहून झोपला किंवा त्याने वाट सोडली तरच थ्रेड बदलतो. तुमच्या पाच ओळींत झोपण्यासारखं काही नाही, त्यामुळे पहिले दोन प्रकार तिथे घडूच शकत नव्हते.

तुमचा कर्नल प्रीएम्प्ट_डायनॅमिकसह बांधलेला असेल (ही सोय एक्स८६ वर ५.१२ पासून, एआरएम६४ वर ५.१८ पासून आली) तर बूट करताना प्रीएम्प्ट=नन द्या आणि तूट किती राहते ते सांगा.

कुलूपकिल्ली

एवढा खल कशाला? स्ट्रक्टमध्ये एक स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत वाट बघायला लावणारं कुलूप) टाका, नाहीतर सगळे गणक ॲटॉमिक (मध्ये कोणी घुसू न शकणारे) करा. दहा मिनिटांचं काम.

अर्धविराम

@कुलूपकिल्ली, आकडे बरोबर येतील हे मान्य. गणकाच्या बाबतीत तर गंमत अशी की चुकीच्या सीपीयूच्या जागेत भर पडली तरी काही बिघडत नाही, शेवटी बेरीजच करायची आहे. बिघडतं ते वाचणं, वाढवणं आणि परत लिहिणं यांच्या मध्ये कोणी घुसल्यामुळे. ॲटॉमिकने ती फट बुजते.

पण मग पर-सीपीयू कशाला केलं होतं? ॲटॉमिक सूचना कॅशची ओळ आपल्याच कोरकडे असतानाही साध्या वाढीपेक्षा महाग पडते. एक्स८६ वर लॉक उपसर्ग लावला की त्या कोरच्या आधीच्या सगळ्या स्टोअर्सची वाट बघावी लागते. त्यात स्पिनलॉक घातलात आणि तोच इंटरप्ट हँडलरमध्ये घेतलात, तर राइटच्या वाटेवर इंटरप्ट बंद करूनच तो घ्यावा लागेल, नाहीतर आपणच आपल्याला अडवून बसू. आणि इंटरप्ट बंद करणारच असाल तर त्या लॉकने आणखी काय मिळवलं?

जुनाट

मध्येच बोलतो. २.४ च्या काळात कर्नलचा कोड प्रीएम्प्ट होत नसे, तेव्हा लोक सर्रास [एनआर_सीपीयूज] आकाराचा ॲरे ठेवायचे आणि आपल्या क्रमांकाच्या घरात लिहायचे. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आलं, त्यात प्रीएम्प्शनचा पर्याय होता, आणि तोवर बिनधोक असलेला हा कोड एका रात्रीत संशयित झाला. गेट_सीपीयू आणि पुट_सीपीयू ही जोडी त्याच बदलाची खूण आहे. हा ड्रायव्हर नवीन असला तरी लिहिणाऱ्याच्या डोक्यात २.४ होतं.

ॲरेचा दुसरा तोटा फॉल्स शेअरिंगचा: शेजारच्या सीपीयूंची घरं एकाच कॅश ओळीत यायची आणि ओळ कोरांमध्ये टोलवली जायची. पर_सीपीयू विभागात प्रत्येक सीपीयूचा तुकडाच वेगळा असतो, त्यामुळे ती कटकट राहत नाही.

गुंतावळा

प्रीएम्प्ट=नन देऊन चालवलं. विनंत्यांचा आकडा कार्डाशी तंतोतंत जुळला. 'प्रलंबित' मात्र अजूनही भरकटतं.

मग पुन्हा फुल प्रीएम्प्शनवर येऊन कोड असा केला:

    स = गेट_सीपीयू_पीटीआर(कार्ड->स्टॅट्स);
    स->विनंत्या++;
    स->बाइट्स += लांबी;
    स->प्रलंबित++;
    पुट_सीपीयू_पीटीआर(कार्ड->स्टॅट्स);

निकाल तोच: विनंत्या आणि बाइट्स बरोबर, 'प्रलंबित' चूक. म्हणजे आता फक्त इंटरप्टचा प्रकार उरला, बरोबर ना?

अर्धविराम

बरोबर. गेट_सीपीयू_पीटीआर प्रीएम्प्शन बंद करून पत्ता देतं, पुट ते पुन्हा उघडतं. मधल्या काळात शेड्युलर तुम्हाला हलवत नाही की दुसऱ्या थ्रेडला तुमच्या जागी आणत नाही. पण इंटरप्ट येतोच. विनंत्या आणि बाइट्सना हँडलर हात लावत नाही म्हणून ते सुधारले.

एआरएम६४ वर ++ म्हणजे लोड, ॲड, स्टोअर अशा तीन सूचना. हँडलर या तिघांच्या मध्ये आला की त्याने केलेली वजाबाकी तुमच्या स्टोअरखाली गाडली जाते. एक्स८६ वर कंपायलरने मेमरीवर थेट इंक काढली असती तर हे दिसलंही नसतं, कारण इंटरप्ट एका सूचनेच्या पोटात शिरत नाही. पण कंपायलर तसं करीलच याची हमी कोणी दिलेली नाही.

आता पत्ता हातात न घेता सरळ हे वापरा:

    धिस_सीपीयू_इंक(कार्ड->स्टॅट्स->विनंत्या);
    धिस_सीपीयू_ॲड(कार्ड->स्टॅट्स->बाइट्स, लांबी);
    धिस_सीपीयू_इंक(कार्ड->स्टॅट्स->प्रलंबित);

आणि हँडलरमध्ये धिस_सीपीयू_डेक. बाहेर गेट/पुट काहीही नको.

शंकासुर

मी शिकतोय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. धिस_सीपीयू_इंक आतून वेगळं असं काय करतं? त्यालाही आधी 'मी कुठे आहे' हे विचारावं लागणारच. मग विचारणं आणि वाढवणं यांच्यात फट राहत नाही का?

अर्धविराम

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. उत्तर प्रत्येक आर्किटेक्चरवर वेगळं आहे.

एक्स८६-६४ वर कर्नलमध्ये असताना जीएस सेगमेंटचा पाया त्या सीपीयूच्या पर-सीपीयू विभागाकडे रोखलेला असतो. 'जीएस अधिक अमुक ऑफसेटवर इंक' ही एकच सूचना. पत्ता काढणं आणि वाढवणं तिच्या आतच होतं, आणि सूचना अर्धी एका सीपीयूवर अर्धी दुसऱ्यावर चालत नाही. लॉक उपसर्गही लागत नाही, कारण दुसरा कोर त्या जागेत लिहीत नाही. फट राहायला जागाच नाही. थ्रेड आधी हलो वा नंतर, भर पडते ती त्या क्षणी जिथे आहे तिथे.

एआरएम६४ वर ऑफसेट टीपीआयडीआर_ईएल१ रजिस्टरमध्ये असतो (व्हीएचई ही व्हर्च्युअलायझेशनची सोय वापरात असेल तर ईएल२ वाल्यात). तो वाचणं ही एक सूचना आणि वाढवणं ही दुसरी, म्हणून तिथे क्षणभर प्रीएम्प्शन बंद करतात. वाढ मात्र ॲटॉमिक सूचनेने करतात: एलएसई (एआरएमच्या नव्या ॲटॉमिक सूचना) असेल तर त्यातली एकच सूचना, नसेल तर एलडीएक्सआर आणि एसटीएक्सआरचं चक्र. मध्ये इंटरप्ट आला तर एक्सेप्शनमधून परतताना एक्सक्लुझिव्ह मॉनिटर साफ होतो, एसटीएक्सआर फसतं आणि चक्र पुन्हा फिरतं. म्हणून इंटरप्टपासूनही सुटका.

ज्या आर्किटेक्चरकडे असं काही खास नाही तिथे सर्वसाधारण रूप चालतं: इंटरप्ट बंद, वाढव, पूर्ववत कर. संथ, पण बरोबर.

याच कुटुंबात पुढे दोन अधोरेखा असलेलं __धिस_सीपीयू_इंक आहे. ते कसलंच संरक्षण देत नाही, 'बोलावणाऱ्याने व्यवस्था केली आहे' असं धरून चालतं. फक्त डीबग_प्रीएम्प्टमध्ये प्रीएम्प्शनची तपासणी होते, इंटरप्टची नाही. एक्स८६ वर दोन्ही रूपं सहसा सारखीच सूचना काढतात, म्हणून चूक तिथल्या चाचणीत पकडली जात नाही आणि एआरएमवर बाहेर पडते.

शंकासुर

आता कळलं. आम्हाला अभ्यासाला एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्याची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, रिस्क-व्हीवरची. त्यात मायसीपीयू() इंटरप्ट बंद असतानाच बोलवा अशी टीप आहे. मायप्रोक() सुद्धा आधी पुश_ऑफ (इंटरप्ट बंद), मग मायसीपीयू, मग प्रोक वाचून पॉप_ऑफ (पूर्ववत) असं करतं. मला ते सोवळं वाटायचं. म्हणजे कारण हेच?

जुनाट

हेच. एक्सव्ही६ मध्ये प्रीएम्प्शन टायमर इंटरप्टमधूनच होतं, म्हणून इंटरप्ट बंद केले की दोन्ही धोके एकदम टळतात. आणि मायप्रोक शेवटी काय परत देतं ते बघ: प्रोकचा पॉइंटर. थ्रेड दुसऱ्या कोरवर गेला तरी तो पॉइंटर खराच राहतो, कारण प्रोसेस तीच आहे. सीपीयूचा पॉइंटर मात्र शिळा होतो. दोघांना वेगळी वागणूक आहे ती त्यामुळे.

त्यातली माझी आवडती जागा कर्नलव्हेकमध्ये आहे. कर्नलमध्ये असताना ट्रॅप (इंटरप्ट किंवा एक्सेप्शन) आला की रजिस्टरं स्टॅकवर ठेवतात आणि परतताना उचलतात, पण टीपी परत भरत नाहीत. टीपी या रजिस्टरमध्ये हार्टचा (रिस्क-व्हीच्या भाषेत कोरचा) क्रमांक असतो. ट्रॅपमध्ये असताना थ्रेडने वाट सोडली आणि तो हार्ट १ ऐवजी २ वर जागा झाला, तर जुना टीपी परत भरल्यावर हार्ट २ स्वतःला १ समजेल आणि १ च्या स्ट्रक्टमध्ये ढवळाढवळ करेल. एक ओळ न लिहिल्यामुळे बग टळला आहे. कॉमेंटमध्ये कारणही दिलं आहे.

शेड() मध्ये इंटेना का जपतात तेही बघून ठेव. 'आधी इंटरप्ट चालू होते का' ही माहिती थ्रेडची असते, पण एक्सव्ही६ ती सीपीयूच्या स्ट्रक्टमध्ये ठेवतं, म्हणून स्विचच्या आधी ती लोकल व्हेरिएबलमध्ये घेऊन परतल्यावर नव्या सीपीयूवर लिहावी लागते. कुठली माहिती सीपीयूची आणि कुठली थ्रेडची हा गोंधळ भल्याभल्यांचा होतो.

कुलूपकिल्ली

बरं, लॉक नको. मग राइट करणारा थ्रेड एका सीपीयूला बांधून टाकला तर? टास्कसेट दिलं की झालं.

अर्धविराम

स्थलांतर थांबेल. त्याच सीपीयूवर दुसरा थ्रेड येणं थांबणार नाही, इंटरप्ट तर नाहीच. शिवाय टास्कसेटने बांधलेलं कोणीही बाहेरून कधीही सोडवू शकतं, म्हणून वर सांगितलेली डीबग तपासणी अशा थ्रेडला सूट देत नाही. ती सूट फक्त ज्यांची ॲफिनिटी (कुठल्या सीपीयूवर चालायचं ते बंधन) बदलताच येत नाही अशा कर्नल थ्रेडना मिळते.

नुसतं स्थलांतर थांबवायची सोय कर्नलमध्ये आहे: लिनक्समध्ये मायग्रेट_डिसेबल, फ्रीबीएसडीमध्ये शेड_पिन. पण तिचा उपयोग पत्ता स्थिर ठेवण्यापुरता, त्या पत्त्यावरच्या वाढवण्याला ती अखंड करत नाही. अखंडपणा हवा तर फ्रीबीएसडीवाले क्रिटिकल_एंटर वापरतात, आणि नुसत्या गणकांसाठी त्यांची काउंटरची वेगळी एपीआय आहे.

मिलीसेकंद

धिस_सीपीयू_इंक ठीक आहे, पण गेट_सीपीयू_पीटीआरचा सल्ला बघून राहवलं नाही. आमच्याकडे प्रीएम्प्ट_आरटी (रिअल-टाइम कर्नल) आहे. ते आता बाहेरचा पॅच नाही, ६.१२ पासून मेनलाइनमध्ये आहे (नोव्हेंबर २०२४), त्यामुळे 'आमचा ड्रायव्हर आरटीवर कोण चालवतंय' असं म्हणून चालणार नाही.

आरटीवर साधा स्पिनलॉक झोपू शकतो. गेट_सीपीयू_पीटीआर आणि पुट यांच्या मध्ये कोणी स्पिन_लॉक घेतला की 'चुकीच्या संदर्भात झोपणारं फंक्शन' अशी वॉर्निंग पडते. आज त्या तीन ओळींत लॉक नाही, उद्या कोणी टाकेल.

अनेक फील्ड एकत्र बदलायची असतील तर ५.८ पासून लोकल_लॉक आहे. तो पर-सीपीयू स्ट्रक्टमध्येच ठेवायचा. साध्या कर्नलवर लोकल_लॉक म्हणजे निव्वळ प्रीएम्प्ट_डिसेबल आणि लोकल_लॉक_आयआरक्यूसेव्ह म्हणजे इंटरप्ट बंद, जादा खर्च शून्य. आरटीवर तोच सीपीयूगणिक खरा स्पिनलॉक होतो आणि स्थलांतरही थांबवतो. माझ्या मते त्याचा मोठा फायदा वाचणाऱ्याला आहे. प्रीएम्प्ट_डिसेबल बघून ते कशासाठी केलं हे कधीच कळत नाही, लोकल_लॉक बघून कुठला डेटा जपला जातोय ते कळतं. लॉकडेपलाही (कर्नलच्या लॉक तपासणाऱ्या साधनालाही) कळतं.

गुंतावळा

धिस_सीपीयू_* लावलं. फुल प्रीएम्प्शनवर सगळे आकडे जुळतात. पण ४२९४९६७२९६ पुन्हा एकदा दिसलं! सगळं शांत असताना, शून्य असायला हवं तिथे.

जुनाट

हा दोनाचा बत्तिसावा घात आहे. 'प्रलंबित' यू३२ आहे आणि बेरीज यू६४ मध्ये करताय ना?

विनंती सीपीयू २ वर पाठवली, तिथे +१. पूर्ण झाल्याचा इंटरप्ट सीपीयू ० वर आला, तिथे -१. एकट्या सीपीयू ० कडे बघितलं तर त्याचा 'प्रलंबित' उणेच असणार, आणि त्यात काही गैर नाही. पण यू३२ मधला -३ म्हणजे ४२९४९६७२९३. तो यू६४ मध्ये तसाच रुंद होऊन इतरांच्या +३ शी मिळाला की तुमचा आकडा तयार. ही रेस नाही, निव्वळ टाइपची भानगड. फील्ड एस६४ करा, किंवा बेरीजही यू३२ मध्येच करा, म्हणजे ती आपसूक गुंडाळली जाईल.

गुंतावळा

एस६४ केलं. शून्य! दोन वेगळे बग एकाच आकड्यात बसले होते.

आता बेरजेच्या बाजूबद्दल. मी फॉर_ईच_ऑनलाइन_सीपीयू ने फिरतो आणि प्रत्येकाचं मूल्य सरळ वाचतो. चालेल?

अर्धविराम

ऑनलाइन नको, पॉसिबल (कधीही चालू होऊ शकतील अशा सगळ्या सीपीयूंची यादी) घ्या. सीपीयू बंद केला की तो ऑनलाइनच्या यादीतून जातो, पण त्याच्या जागेतली शिल्लक तिथेच राहते आणि बेरीज अचानक घसरते. तुमच्या 'प्रलंबित'ची तर एका सीपीयूवर जमा आणि दुसऱ्यावर खर्च, त्यामुळे एक गेला की हिशेब कायमचा फसला.

कर्नलचं स्वतःचं परसीपीयू_काउंटर ऑनलाइन यादीवर चालतं, कारण सीपीयू जाताना त्याची शिल्लक मुख्य आकड्यात ओतायची व्यवस्था त्यात आहे. तिथेही फट होतीच: सीपीयू यादीतून निघाला पण शिल्लक अजून ओतली नाही, एवढ्यात कोणी बेरीज केली तर तेवढा भाग गायब. २०२३ मध्ये बेरजेत 'मरणासन्न' सीपीयूंची यादीही धरून ती बुजवली. इतक्या वापरातल्या कोडमध्ये हे इतकी वर्षं राहू शकतं, तर आपण साधा मार्ग धरलेला बरा.

वाचताना रीड_वन्स (कंपायलरला मूल्य एकदाच वाचायला लावणारा मॅक्रो) लावा. आणि ही बेरीज म्हणजे एका क्षणाचा फोटो नाही हे ध्यानात ठेवा. तुम्ही सीपीयू ० वाचून ७ पर्यंत पोचेस्तोवर ० पुढे गेलेला असतो, 'प्रलंबित' क्षणभर उणेही दिसू शकतो. शांत झाल्यावर जुळला की पुरे. त्या आकड्यावर काही निर्णय अवलंबून असेल, उदाहरणार्थ 'प्रलंबित शून्य असेल तर कार्ड बंद करा', तर तिथे पर-सीपीयू गणक हे हत्यारच चुकीचं आहे.

मिलीसेकंद

३२ बिटवर हा ड्रायव्हर चालणार असेल तर आणखी एक. तिथे ६४ बिटांचं फील्ड दोन तुकड्यांत वाचलं जातं, आणि वाचणाऱ्याला वरचा अर्धा जुना आणि खालचा नवा मिळू शकतो. त्यासाठी यू६४_स्टॅट्स_सिंक आहे: लिहिणारा आधी आणि नंतर सीक्वेन्सचा आकडा वाढवतो, वाचणारा तो बदलला असेल तर पुन्हा वाचतो. ६४ बिटवर तो व्यवहारात नाहीसाच होतो.

पण लिहिणारा एका वेळी एकच असायला हवा. प्रोसेस आणि इंटरप्ट दोघंही इंटरप्ट बंद न करता एकाच सिंकमध्ये लिहायला लागले तर सीक्वेन्सची एखादी वाढ हरवू शकते, मग आकडा विषम राहतो आणि वाचणारा कायमचा फिरत बसतो. आकडा चुकण्यापेक्षा हे वाईट.

शंकासुर

वर अर्धविराम म्हणाले की गणकात चुकीच्या सीपीयूच्या घरात भर पडली तरी चालतं. मग कुठे चालत नाही?

अर्धविराम

मोकळ्या ऑब्जेक्टची यादी. स्लब या कर्नलच्या मेमरी ॲलोकेटरची बरीच वर्षं वापरलेली रीत बघा. प्रत्येक सीपीयूकडे मोकळ्या ऑब्जेक्टची साखळी असते आणि जलद वाटेवर ना लॉक, ना प्रीएम्प्शन बंद. साखळीचं डोकं वाचा, त्याच्या पुढचा कोण ते वाचा, मग कम्पेअर-एक्स्चेंजने (जुनं मूल्य अजून तेच असेल तरच नवं लिहिणाऱ्या सूचनेने) डोकं बदला. मध्ये थ्रेड हलला तर दुसऱ्याच सीपीयूच्या यादीचं डोकं आपल्या हातात असतं. न हलताही, मध्ये कोणी तोच ऑब्जेक्ट उचलून परत ठेवला तर डोकं तेच दिसेल पण पुढची साखळी बदललेली असेल.

म्हणून डोक्याबरोबर टीआयडी नावाचा व्यवहार क्रमांक ठेवतात आणि दोन्ही मिळून एकाच दुहेरी कम्पेअर-एक्स्चेंजमध्ये तपासतात. प्रीएम्प्शनच्या कर्नलवर टीआयडी सुरू होतो सीपीयूच्या क्रमांकापासून आणि दरवेळी सीपीयूंच्या कमाल संख्येला सामावणाऱ्या दोनाच्या घाताने वाढतो. त्यामुळे दोन सीपीयूंचे टीआयडी कधीच सारखे नसतात. थ्रेड हलला असेल तर टीआयडी जुळत नाही, त्याच सीपीयूवर कोणी घुसून गेलं असेल तरीही नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. व्यत्यय न रोखता तो उशिरा ओळखायचा, अशी ही पद्धत.

जुनाट

हीच कल्पना २०१८ मध्ये ४.१८ बरोबर युजरस्पेसमध्ये गेली, आरसेक म्हणून. प्रोग्राम कर्नलला सांगून ठेवतो की या पत्त्यापासून या पत्त्यापर्यंत माझा नाजूक भाग आहे. तिथे असताना प्रीएम्प्शन, स्थलांतर किंवा सिग्नल आला तर परतताना कर्नल त्याला ठरलेल्या रद्द-पत्त्यावर सोडतो. शेवटची एक स्टोअर झाली तर सगळं झालं, नाही तर काहीच नाही. जीलिबसी २.३५ पासून नोंदणी आपोआप होते. टीसीमॅलॉकचे पर-सीपीयू कॅश त्यावरच उभे आहेत.

गुंतावळा

सगळ्यांचे आभार. पॅचमध्ये आता: तिन्ही गणक धिस_सीपीयू_* वर, फील्ड एस६४, बेरीज पॉसिबल यादीवर रीड_वन्ससह, 'रॉ_' गेला. चाचणीसाठीच्या कर्नलमध्ये डीबग_प्रीएम्प्ट आणि केसीसॅन (कर्नलमधल्या रेस शोधणारं साधन) चालू ठेवलं. केसीसॅनने जुन्या कोडवर पहिल्याच चालवणीत नेमकी ती ओळ दाखवली, आधीच लावायला हवं होतं कुणीतरी.

रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न आला, त्याचं उत्तर इथेच विचारतो. मॉड्यूल काढताना आधी फ्री_परसीपीयू होतं, मग फ्री_आयआरक्यू. रिव्ह्यू करणारे म्हणतात क्रम उलटा हवा.

अर्धविराम

रिव्ह्यू करणारे बरोबर आहेत. फ्री_परसीपीयू झाल्यावर हँडलर आला तर तो सोडून दिलेल्या जागेत वजाबाकी करेल. फ्री_आयआरक्यू चालू असलेले हँडलर संपेपर्यंत परतत नाही, म्हणून ते आधी. त्याच्याही आधी कार्डाचा इंटरप्ट हार्डवेअरमध्येच बंद करा आणि राइटची वाट बंद झाली आहे याची खात्री करा.

गुंतावळा

डिव्हाइसची नोंद काढणं, कार्डाचा इंटरप्ट बंद, फ्री_आयआरक्यू, मग फ्री_परसीपीयू. दुसरी आवृत्ती पाठवली.